उरलेले दोन चिंचोके

बाई,

भागाकाराचा तो पस्तीस मिनिटांचा तास आपल्याला नेमका केवढ्याला पडला, ते आज एकदा मांडतो. तुमच्या स्वयंपाकघरातले पाच गुरुवार. पिशवीभर चिंचोके. खडूची एक पेटी. तुमच्या चष्म्याची एक काच. तुमच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं. आणि नऊ वर्षांच्या एका मुलाचा डावा कान. माझं काय गेलं, ते या यादीत सापडत नाही. मी बऱ्याचदा शोधलं आहे.

तुम्ही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि मी सत्तरीला टेकलो. कोथरूडला माझे क्लासेस आहेत, तीन मजल्यांचे. खाली दुचाक्यांची एवढी गर्दी की सोसायटीवाले महिन्याला एक तक्रार करतात आणि आपल्याच नातवंडांना माझ्याकडे पाठवतात. जिन्यात पाटी आहे : इथे मुलांवर हात उचलला जात नाही. ती पाटी खरी आहे, तेवढं तुम्हाला सांगून ठेवतो. दर शनिवारी आमचे शिक्षक एकत्र बसतात, पुढचा पाठ मिळून आखतात, झालेल्या पाठाच्या वह्या वाचतात. सगळं तुमचंच. फक्त मुलं आता चिंचोके ओळखत नाहीत, म्हणून प्लॅस्टिकचे बिल्ले आणले. आणि दर जूनला नवीन शिक्षक आले की मी त्यांना चहा पाजतो आणि गोष्ट सांगतो. म्हणतो, चोवीस वर्षांचा होतो, एका मुलाला मारलं. मग आमच्या बाईंच्या भर बैठकीत, त्याच्या आईसमोर, उभा राहून सांगितलं, मी मारलं. स्वतःच्या तासाबद्दल ज्याला उभं राहून खरं बोलता येत नाही, त्याने माझ्याकडे नोकरी मागू नये. ही गोष्ट मी फार छान सांगतो, बाई. 'मी मारलं'च्या आधी किती थांबायचं ते मला बरोबर कळतं. खोलीतला पंखा ऐकू यायला लागला की बोलायचं.

या जूनमध्ये एक मुलगी आली, गणिताची, कानात काहीतरी खुपसलेली. ते काढून तिने माझी गोष्ट ऐकली आणि सगळे गप्प असताना विचारलं, "सर, तुम्ही उभे राहिलात तेव्हा तुमच्या बाई काय म्हणाल्या?" एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "चहा गार होतोय." तिने चहा घेतला, पण कपावरून माझ्याकडे बघत राहिली. उद्या शनिवार आहे. ती परत विचारणार. तिचा चेहरा तसलाच आहे, तुमच्यासारखा.

माझे कान तुम्हाला माहीत होते. तुम्ही म्हणायचात, या सरांना भिंतीपलीकडची पेन्सिल ऐकू येते. ते कान कुठून आले ते मात्र मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. वडील पाठीवर पोती वाहायचे, आधी भवानी पेठेत, नंतर मार्केट यार्डात. संध्याकाळी चाळीच्या जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं की तिसऱ्या पायरीलाच मला कळायचं, आज नुसता हात की पट्टा. पाचव्या पायरीला कळायचं, आईला की मला. त्यामुळे आवाजांची पारख झाली. पाठीतला धपाटा पोतं टाकल्यासारखा वाजतो. गालावरची चपराक दगडावर ओलं धुणं आपटावं तशी. कानावर बसलेली मात्र मोठा आवाज करत नाही. रिकाम्या कळशीच्या तोंडावर तळवा मारावा तसा, आत कोंडलेला. त्यांचा मार खाऊन, त्यांच्याबरोबर पोती उचलून, वर शिकून मी मास्तर झालो आणि शाळेत सांगायला लागलो, "वडील मार्केटमध्ये असतात." ऐकणाऱ्याला वाटायचं, आडतीचा गाळा असेल. मी वाटू द्यायचो.

हात मात्र वडिलांचाच होता. तुमच्या शाळेत आल्या महिन्यातच त्या हाताचं नाव झालं. मंडईचा सगळा गोंगाट खिडकीतून वर यायचा, पण चौथीचा माझा वर्ग असा चिडीचूप की लोकांना वाटायचं, वर्ग सहलीला गेलाय. इतर शिक्षक कौतुकाने डोकावायचे. तुम्ही कधी कौतुक केलं नाहीत. एकदा दारात उभ्या राहून एवढंच म्हणालात, "सर, ही मुलं श्वास कधी घेतात?" मी हसलो. मला तो शेरा चांगला वाटला होता.

तुमची शनिवारची बैठक मला आधी थोतांड वाटली. गुरुवारी संध्याकाळी तुमच्या घरी जमायचं आणि एकच पाठ तिघांनी मिळून आखायचा. शनिवारी बाकीची शाळा कवायतीला मैदानात पाठवून एकाने तो शिकवायचा, आणि दोघांनी मागे बसून मुलांकडे बघायचं. बसायला तुमच्या भावाच्या बायंडिंगच्या दुकानातली बुटकी स्टुलं, कामगार बसतात तसली. मी विचारलं, "खुर्च्या नाहीत का?" तर तुम्ही म्हणालात, "खुर्चीवरून मुलाचं डोकं दिसतं. स्टुलावरून मुलाला जे दिसतं ते दिसतं." वह्याही भावाने बांधलेल्या, पानांवर आकडे टाकलेले, म्हणजे पान फाडलं तर कळावं. आणि एक कडक नियम. मास्तराबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. मुलाने काय केलं तेवढंच.

हा नियम कुठून आला ते मला पेठेतल्या सरांनी सांगितलं, आपल्यातल्या तिसऱ्या माणसाने. माझ्या आधीच्या वर्षी एकाने दुसऱ्याच्या तासाबद्दल वाचून दाखवलं, "शिक्षकाची तयारी दिसली नाही." दुसऱ्याने शाईची दौत उचलून त्याच्या कपाळावर घातली. रक्त आणि शाई एकत्र वाहायला लागलं. पेठेतले सर म्हणाले, "तेव्हा कळलं, दोन मास्तरांत पाठाची चर्चा व्हायची तर मध्ये दवाखाना लागतो. म्हणून बाईंनी मास्तरच काढून टाकला." ते हे सगळं पंचांग वाचावं तसं सांगायचे. तुमच्या घरी ते चहा घ्यायचे आणि कोणी बघत नसताना समोसाही. "आमच्या हिला सांगू नका," एवढंच म्हणायचे.

मला ते स्वयंपाकघर अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही स्टोव्हपाशी, आम्ही दोघं पाटावर, मध्ये परातीत चिंचोके. विषय भागाकार, बाकी उरते तो. तुम्ही म्हणता, "तुम्ही काय शिकवणार ते नंतर. मूल काय चुकेल ते आधी सांगा." पेठेतले सर म्हणतात, "चुकणारच. चुकत नसती तर आपण तिघं घरी नसतो का?" तुम्ही हसत नाही. सतरा चिंचोके, पाच मुलं. प्रत्येकाला तीन, दोन उरले. त्या दोन चिंचोक्यांचं मूल काय करेल? दोन गुरुवार आपण या एका प्रश्नावर घालवले. पहिलं, मूल ते दोन पहिल्या वाट्यात टाकून मोकळं होईल. दुसरं, म्हणेल गणितच चुकलंय. तिसरं, म्हणेल बाईंना देऊन टाका. तिन्ही लिहिली, तिन्हींवर काय विचारायचं तेही लिहिलं. मुलाने स्वतः म्हणायला हवं होतं की हे दोन वेगळे राहतात, ते कोणाच्याच वाट्याचे नाहीत. मला तोवर वाटायचं, शिकवणं म्हणजे आवाज आणि हात. त्या दोन गुरुवारी पहिल्यांदा वाटलं की यात डोकंही लागतं, आणि मला ते आहे. शनिवारचा तास मी मागून घेतला.

तर तो तास. नऊ वाजलेत. खाली मंडईत कोणीतरी टोमॅटोचा भाव ओरडतंय. पेठेतले सर उजवीकडे मुलांच्या मागे स्टुलावर, तुम्ही डावीकडे मुलींच्या मागे. चाळीस मुलं चिंचोके मांडताहेत आणि पहिल्यांदाच माझ्या वर्गात आवाज आहे, चांगला आवाज, मला आवडतोय. तिसऱ्या बाकावरचा मुलगा सगळ्यांच्या आधी मोकळा झालाय. त्याची आई खाली मंडईत मिरची-कोथिंबिरीचे वाटे लावून बसते, त्यामुळे वाटे घालायचा त्याचा हात बसलेला. पाच वाटे, दोन उरले. शेजारचा विचारतो, "ह्या दोनांचं काय?" तो हळूच म्हणतो, "उरलेलं हमालाचं." आणि दोघं हसतात.

त्या बाकापलीकडे ते कोणालाही ऐकू गेलं नसेल. मला गेलं. मी फळ्यापासून तिथपर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, पोरांना कळलंय, माझा बाप कोण ते अख्ख्या मंडईला कळलंय आणि आता माझ्याच वर्गात हसताहेत. हात खांद्यामागून आला. तो कोंडलेला आवाज मी ऐकला, बाई. कळशीचा. मारतानाच मला कळलं की तो गालावर बसलेला नाही. मुलगा बाकावरून खाली गेला आणि चिंचोके फरशीवर उडाले. ते घरंगळत थांबेपर्यंत मी ऐकत होतो. मग तो उठून बसला. रडला नाही. मी फळ्याकडे गेलो, उत्तर लिहिलं, भागाकार तीन, बाकी दोन. वर्ग चिडीचूप. तास वेळेत संपला.

मुलं गेल्यावर आपण वह्या वाचल्या. पेठेतले सर वाचतात, "तिसरा बाक. नऊ वाजून दहा, पाच वाटे पूर्ण. दोन उरले. शेजाऱ्याशी बोलला. नऊ वाजून अकरा, काम थांबवलं. डावा हात डाव्या कानावर. तासाच्या शेवटापर्यंत तसाच." सगळं नियमानुसार. मुलाने काय केलं तेवढंच. नऊ दहा आणि नऊ अकराच्या मध्ये काय झालं, ते मास्तराबद्दलचं होतं. तुम्ही वाचलंत, "मुलींनी चिंचोके ओच्यात घेतले. कोणीही हात वर केला नाही." मी खाली बघत होतो. मग आपण तिघांनी, शहाण्या, शिकलेल्या माणसांनी, निष्कर्ष काढला : 'बाकी'ची कल्पना मुलांना पोचली नाही, आकडे मोठे झाले, पुढच्या वेळी चिंचोके कमी करावेत. मी तो निष्कर्ष सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. जिन्यात पेठेतले सर म्हणाले, "तुमचा तास चांगला झाला हो." एवढंच.

दुसऱ्या शनिवारी तुम्ही शिकवलंत, तेरा चिंचोके आणि चार वाटे, आणि मी त्याच्या मागे स्टुलावर बसलो. तुम्ही डाव्या बाजूने त्याला दोनदा हाक मारलीत. त्याने पाहिलं नाही. मी लिहिलं, "हाक मारल्यावर पाहत नाही. लक्ष नाही." शेवटचे दोन शब्द मी माझ्या मनचे घातले आणि तुम्हीही ते चालवून घेतलेत. ठरलं, त्याला पुढच्या बाकावर आणावं. तिसऱ्या शनिवारी पेठेतले सर शिकवत होते. त्याला पुढे आणलेलं, मी परत त्याच्या मागे. सर म्हणाले, "उभा राहा." तो बसून राहिला. परत म्हणाले. शेजारच्याने ढोसलं तेव्हा तो गडबडून दुसरीकडेच वळला. सरांची लाकडी पट्टी वर गेली. ती मी स्टुलावरून पाहिली. खालून हात केवढा दिसतो, बाई! छताएवढा. पट्टी आधी त्याच्या खांद्यावर बसली, मग त्याने आडव्या धरलेल्या बोटांवर. "लक्ष कुठंय? लक्ष कुठंय?" एका शब्दाला एक. तो सरांच्या तोंडाकडे बघत होता, ओठांकडे. आणि माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, त्याचा डावा कान. आत कापसाचा बोळा, पिवळा झालेला, आणि त्याला वास. मला सगळं कळलं. आणि मी वहीत काय लिहिलं? "उजवा कान पुढे करून ऐकतो." खरं लिहिलं. नियमात बसेल एवढंच खरं.

पुढच्या गुरुवारी तुम्ही तिन्ही शनिवारच्या वह्या परातीशेजारी उघड्या ठेवल्यात. पेठेतले सर आले नव्हते. स्टोव्हवर डाळ होती. तुम्ही एकेक ओळ बोटाने दाखवत मोठ्याने वाचलीत. डावा हात डाव्या कानावर. हाक मारल्यावर पाहत नाही. उजवा कान पुढे करून ऐकतो. मग स्टोव्ह बंद केलात. त्याची फरफर थांबली तेव्हा मला कळलं की आता काहीतरी होणार, पण ते तुमच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं. तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत. सगळ्या ताकदीने, पिठाच्या हाताने. माझ्या डोक्यात शिट्टी सुरू झाली आणि तिच्या पलीकडून तुमचा आवाज येत होता. चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला 'तू' म्हणालात.

"काय ऐकू येतंय?"

"शिट्टी."

"थांबेल ती. त्याची तीन आठवडे थांबली नाही. काय बोलला होता तो?"

मी सांगितलं. वडिलांचंही सांगितलं, पहिल्यांदा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "अरे, त्यांच्यात तसंच असतं. वाटे घालून जे उरतं ते माल उतरवणाऱ्याला देतात. चिंचोके कोणाच्याच वाट्याचे नाहीत, हेच सांगत होता तो. आपण दोन गुरुवार जे उत्तर शोधत बसलो होतो, ते त्याने दिलं. आणि तू त्याचा कान फोडलास." मग खाली बसलात. पदराने हात पुसले, परत परत, पीठ गेल्यावरही. "मी डावीकडेच होते. मी पाहिलं. पाहिलं आणि मुलींचे चिंचोके मोजत बसले. नियम माझाच होता ना." वही माझ्यापुढे सरकवलीत. "लिही. मुलाचं नको. मास्तराने काय केलं ते. शनिवारी त्याच्या आईला बोलावते. तू उभा राहून वाचायचंस."

मी लिहिलं. चार ओळी. "हो बाई," म्हणालो.

पुढे खूप वर्षांनी तो मला मार्केट यार्डात भेटला, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. कांद्याचा मोठा व्यापारी झालाय. गाळ्यात अशा जागी बसतो की गिऱ्हाईक उजवीकडूनच येईल. मला ओळखून उठला, नमस्कार केला, उसाचा रस मागवला. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, "तुला तेव्हा माहीत होतं का रे, माझे वडील हमाल होते ते?" त्याने उजवा कान पुढे केला, मला परत विचारावं लागलं. "हमाल? तुमचे? नाही बुवा. कुठं होते?" तो खरंच पहिल्यांदा ऐकत होता. मग म्हणाला, "सर, तुमचा भागाकार मात्र आपल्याला पक्का जमतो." त्यात टोमणा नव्हता. मी फार लक्ष देऊन ऐकलं. नव्हता.

तर तो चौथा शनिवार. शुक्रवारी तुम्ही मंडईत जाऊन त्याच्या आईला वाट्यांवरून उठवलंत आणि तिघं सरकारी दवाखान्यात गेलात. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय, आत पिकलंय, पू थांबेल, ऐकू येईलच असं नाही. त्याने घरी सांगितलं होतं, नळावर पडलो. डॉक्टर म्हणाले, पडून असं होत नाही, हे मारून होतं. आईने तिथेच विचारलं, कुणी? तुम्ही म्हणालात, उद्या शाळेत या, सांगते.

चौथीचा रिकामा वर्ग. पेठेतले सर खिडकीशी. मी मागच्या भिंतीशी, बुटक्या स्टुलावर, मांडीवर वही, चार ओळींचं पान उघडलेलं. दारातून ती आली, मुलाला दंडाला धरून, कमरेला खोचलेला पदर, हाताला अजून मिरचीचा वास. बसली नाही.

"कुणी मारलं माझ्या पोराला? नाव सांगा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला सगळं ऐकू येत होतं. खाली हातगाडीचं चाक, पेठेतल्या सरांचा श्वास, माझ्या मांडीवरच्या वहीचं पान थरथरतंय ते. मुलगा माझ्या हातांकडे बघत होता. तुम्ही थांबलात. पंखा ऐकू यायला लागला. किती थांबायचं ते मी तिथेच शिकलो, बाई.

मग तुम्ही म्हणालात, "मी. माझ्या बैठकीत झालं. मी मारलं."

ती पुढे आली आणि तिने तुमच्या तोंडात मारली. एकदा, मग परत. दुसऱ्या वेळी चष्मा उडून फळ्याखाली पडला आणि एक काच फुटली. तुम्ही हात वर केला नाहीत. तिने तुमचा अंबाडा धरून डोकं खाली ओढलं आणि म्हणाली, "म्हातारी हायेस, न्हाईतर इथंच खाली फेकली असती. एका कानाचं पोर हाय आता माझं. गाडी आलेली ऐकू येईल का त्याला? सांग, येईल का?" तुम्ही म्हणालात, "नाही येणार." तेव्हा तिने केस सोडले. पेठेतले सर म्हणाले, "अहो, सोडा, सोडा," पण तिने सोडून झाल्यावर. मुलाने खाली वाकून तुमचा चष्मा उचलला आणि तुमच्या हातात दिला. मग ती दोघं गेली. जिन्यावरून उतरताना ती त्याला काहीतरी सांगत होती, त्याच्या डाव्या बाजूने, आणि तो 'आं? आं?' करत होता.

पुढच्या महिन्यात संस्थेने तुम्हाला लवकर मोकळं केलं. तुम्ही कागदावर सही केलीत आणि तीन स्टुलांपैकी एक मला दिलंत. "हे ठेवा," म्हणालात. परत 'तुम्ही'. ते स्टूल अजून आहे, माझ्या टेबलाखाली. नवीन शिक्षकांना मी ते दाखवतो. खरं सांगायचं तर एरवी त्यावर पाय ठेवतो, बैठक लांबली की पाय सुजतात.

तुमच्या भावाचं दुकान गेलं, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी टाकलं नसतं. पत्रं मी नेहमी पूर्ण लिहितो आणि टेबलाच्या खणात ठेवतो. त्याच खणात ती वहीही आहे. पानांवर आकडे आहेत, म्हणून चार ओळींचं पान मला फाडता आलं नाही. वाचताही आलं नाही.

उद्या ती मुलगी विचारेल, तुम्ही उभे राहिलात तेव्हा बाई काय म्हणाल्या? तिला काय सांगायचं ते मी सकाळपासून ठरवतोय. बाई काही म्हणाल्या नाहीत. ती दोघं गेल्यावर काचा गोळा करायला त्या फरशीवर बसल्या, आणि तेव्हाही मी स्टुलावरून उठलो नव्हतो.